पाऊणकीची भरती

खाडीच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवायचं नाही, असं मी बावीस वर्षं छातीठोक सांगत आले होते. आजही सांगते, फक्त आता सांगायच्या आधी एकदा पाण्याकडे बघून घेते. ही सवय कुठून लागली ते सांगायचं म्हणजे रास अल खैमातले ते दोन आठवडे सांगायला हवेत.

मी रत्नागिरी जिल्ह्यातली, खाडीकाठच्या गावातली. अब्बा बारा वर्षं रास अल खैमाला, टाइल्सच्या कारखान्यात. माझं डी.एड. झालं, नोकरी काही लागेना, म्हणून त्यांनी अम्मीला आणि मला इकडे बोलावून घेतलं. चार महिने दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बसून मी एसीकडे बघत होते. घरात बसायची सवय नाही हो मला. मग एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला की अबू धाबीच्या एका मराठी कुटुंबाला उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलीसाठी सोबत हवी आहे, मराठी बोलणारी. अम्मी म्हणाली, परक्याच्या घरी जाऊन पोर सांभाळायची? मी म्हटलं, अम्मी, पोरच सांभाळायचीय, वाघ नाही.

कुटुंब पुण्याचं. राहायला मोहम्मद बिन झायद सिटीत. नवरा साइट इंजिनिअर, बायको एका कंपनीत फायनान्सला, आणि एकच मुलगी, आठ वर्षांची. त्या वर्षी बाईंची रजा मंजूर झाली नव्हती, त्यामुळे पुण्याला जाणं रद्द. त्याची भरपाई म्हणून दोन आठवड्यांसाठी रास अल खैमाला पाण्याकाठी व्हिला भाड्याने घेतला होता. बाई तिथूनच लॅपटॉपवर काम करणार, साहेब वीकेंडला येणार, आणि दिवसभर मुलीबरोबर मी. पहिल्याच फोनवर बाईंनी सांगितलं, "नॅनी नाही हं तू. ओ पेअर." त्यांच्या ऑफिसातल्या एका फ्रेंच बाईकडून तो शब्द आला होता. म्हणजे घरातल्यासारखं राहायचं, घरातल्यासारखं जेवायचं आणि मुलीला आपली भाषा शिकवायची. माझ्या मावशीने तीन वर्षं आमच्याकडे राहून मला वाढवलं, तिला बिचारीला कुणी फ्रेंच नाव दिलं नाही, एवढंच. मला मॅडम म्हणू नकोस, ताई म्हण, असंही त्या म्हणाल्या. मुलगी मला दीदी म्हणायची.

फोन ठेवता ठेवता त्यांनी आणखी एक अट घातली, आणि ती सांगताना त्यांचा आवाज बदलला. मुलीला पाण्यात न्यायचं नाही.

कारण नंतर कळलं. पोरगी तीन वर्षांची असताना सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये घसरली होती. सांभाळणारी बाई फोनवर बोलत होती. कुणीतरी उचलून बाहेर काढली, दोन उलट्या झाल्या, आणि तासाभरात पोरगी आइस्क्रीम मागायला लागली. ती विसरली, आई नाही विसरली. तेव्हापासून पाच वर्षं त्या पूलमध्ये सगळी पोरं डुंबायची आणि ही काठावरच्या खुर्चीवर आयपॅड घेऊन बसायची. पायाला सॉक्स घालून. मला हे ऐकून इतका राग आला, की कुणाचा आला तेच कळेना.

रविवारी आम्ही पोचलो. मुलगी काचेच्या दाराला नाक लावून उभी राहिली आणि ओरडली, "लेक!" जाहिरातीतही लेक व्ह्यू असंच लिहिलं होतं. मी दार उघडून एक श्वास घेतला. लेक कसला डोंबलाचा! चिखलाचा वास, तिवरांच्या झाडांचा वास, ओल्या शेवाळाचा वास. खाडी होती ती. लांब तिवरांची हिरवी रांग दिसत होती, मध्ये वाळूचा एक उंचवटा, आणि व्हिलाच्या मागच्या बाजूला पाण्यात उतरणाऱ्या सात दगडी पायऱ्या. चार महिन्यांत पहिल्यांदा मला माझ्या मुलखात आल्यासारखं वाटलं. डोळेही भरून आले, खोटं कशाला बोलू.

दिवस ठरल्यासारखे जायचे. पहाटे माझी नमाज, मग मुलीचं दूध, तिचे केस विंचरून वेणी, पोहे किंवा डोसा. दहानंतर बाहेर पाऊल टाकायची सोय नाही, जुलैचं ऊन, रेलिंगला हात लावला तरी चटका. मग पडदे ओढून चित्रं, पत्ते, मराठी बाराखडी. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "भूक लागली का?" "नॉट रियली." "झोप येते का?" "नो." समजायचं सगळं, पण तोंडातून मराठी शब्द काढील तर शपथ. ताई डायनिंग टेबलावर लॅपटॉपसमोर, कानात हेडफोन, आणि दर दहा मिनिटांनी मान वळवून बघायच्या की मुलगी काचेच्या आत आहे ना.

आणि मुलगी त्या काचेला चिकटून. वाळूचा तो उंचवटा तिने पहिल्याच संध्याकाळी आपल्या नावावर करून टाकला होता. माय आयलंड. तिथे खेकडे असतील का, तिथे कोण राहतं, तिथे जाता येतं का? मी म्हटलं, ओहोटीला चालत जाता येईल, आमच्याकडे आम्ही रोज जायचो. बस, हे एक वाक्य बोलून बसले. मग तिने मला सोडलं नाही.

सोमवारी गुरुपौर्णिमा होती. ताईंनी मुलीला आजीला व्हॉइस नोट पाठवायला लावली, आणि संध्याकाळी चंद्र तिवरांवर असा काही वर आला की त्यांनी चक्क लॅपटॉप मिटला. मला तीच वेळ बरी वाटली. मी त्यांना सांगितलं की पोरीला पाण्यापासून लपवून पाणी नाहीसं होत नाही, उलट भीती मोठी होते. मी हात धरून नेईन, घोट्याएवढ्या पाण्यातून, आणि ओहोटीतच नेईन, म्हणजे पाणी आमच्यापासून लांब जात असताना. बोलणं मला जमतं. ताई ऐकत होत्या. त्यांनी मुलीकडे बघितलं, मुलीने दोन्ही हात असे जोडले होते की दगडही पाघळला असता.

"मी ॲपवर बघू का, भरती-ओहोटीचं?" ताईंनी विचारलं.

मी हसले. "ताई, खाडीच्या पोरीला ॲप काय दाखवता?"

आणि मग मी त्यांना आमची पाऊणकी सांगितली. माझ्या आजोबांनी ती मला शाळेत जायच्या आधी शिकवली होती. तिथी घ्यायची, तिची पाऊणकी करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणकी तीन, म्हणजे तीन वाजता भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. चांदाची तारीख असो की पंचांगातली तिथी, खाडीला सगळं सारखंच. आमच्या गावातल्या बायका याच हिशोबावर चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जातात, माझी अम्मी जायची, तिच्या पाठीला चिकटून मी जायचे, आणि घड्याळ कधी चुकेल पण हा हिशोब नाही. उद्या प्रतिपदा. एकाची पाऊणकी पाऊण. पाऊण वाजता भरती, पावणेसातला पुरती ओहोटी. सहाला निघायचं, पाणी उतरत असेल. साडेसातच्या आत परत. उन्हाच्याही आधी.

ताई पुण्याच्या, गणितातल्या बाई. त्यांना ते गणित आवडलं. त्या म्हणाल्या, "गुडघ्याच्या वर नाही." मुलीने उडी मारून त्यांच्या गळ्यात हात टाकले. पाच वर्षांनी मिळालेली परवानगी होती ती, आणि ती माझ्या शब्दावर मिळाली होती.

मंगळवारी सकाळी सहाला आम्ही खाली उतरलो. पायऱ्या सातच्या सात कोरड्या, पुढे ओली वाळू, पाणी पार लांब गेलेलं. बघा, मी मनात म्हटलं. मुलीने चपला हातात घेऊन पहिलं पाऊल टाकलं, पाय वर घेतला, तळव्याला लागलेल्या चिखलाकडे बघितलं आणि खदाखदा हसत सुटली. इतकं साधं सुख त्या पोरीला आठ वर्षं मिळालं नव्हतं. मध्ये एक पाण्याची वाट होती, माझ्या पोटरीएवढी, ती तिने माझा हात घट्ट धरून ओलांडली. पलीकडे तिचं बेट. हातातल्या चपला तिने काठावर नीट जोडीने ठेवल्या, घरात शिरताना ठेवतात तशा.

आम्ही तिथे काय काय केलं! खेकड्यांची बिळं मोजली. मी अंगठ्याने वाळू उकरून तिसऱ्या शोधून दाखवल्या, तर तिने माझ्याकडे जादूगाराकडे बघावं तसं बघितलं. वाळूचं घर बांधलं, त्याला एसीची खिडकी ठेवली. मी गावच्या गोष्टी सांगत सुटले. माझा फोन मी मुद्दाम घरी ठेवला होता, भिजायला नको म्हणून. शिवाय मागच्या बाईसारखं मी फोनवर बोलत नाही, हे ताईंना दिसावं, असंही होतं त्यात.

"दीदी, माय चप्पल्स," मुलगी म्हणाली.

चपला तरंगत होत्या. दोन्ही, गुलाबी, काठापासून चार हात आत.

मी म्हटलं, वाऱ्याने गेल्या असतील. वारा नव्हता. पानही हलत नव्हतं. मनगटावरच्या घड्याळात पावणेसात व्हायचे होते, पाणी अजून उतरायलाच हवं होतं, म्हणून ते उतरतंय असं मी धरून चालले होते. मी एक काटकी घेतली आणि पाण्याच्या कडेला रोवली. मनात म्हटलं, आता कोरडी पडेल. दोन-तीन मिनिटं गेली असतील. पाणी काटकीला टेकलं, मग तिच्याभोवती आलं, मग पुढे गेलं. आम्ही आलो ती वाट बघितली, तर ती आता नुसती वाट राहिली नव्हती, रुंद झाली होती आणि पाणी आत, जमिनीच्या दिशेने वाहत होतं.

खरं सांगते, तरीही माझं डोकं क्षणभर हिशोबच करत बसलं. प्रतिपदाच ना? एकाची पाऊणकी पाऊणच ना? तोबा, समोर पाणी चढत होतं आणि मी आजोबांचा पाढा तपासत होते.

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. "इज इट गोइंग डाउन?"

हो म्हणावंसं फार वाटलं. हो म्हणायची मला सवय होती. पण तिचे पाय पाण्यात होते आणि तिला कळतच होतं.

"नाही," मी म्हटलं. "माझं चुकलं. पाणी चढतंय."

मला वाटलं होतं ती रडेल. तिने फक्त मान हलवली आणि विचारलं, "ओके. सो व्हॉट डू वी डू?" त्या प्रश्नाने मी जागेवर आले. कारण पुढचं मला ठाऊक होतं. पाढा चुकला तरी पाय चुकत नाहीत. पहिल्यांदा मी सरळ वाटेने दोन पावलं टाकून बघितली, तर तिसऱ्याला चिखलाने गुडघ्यापर्यंत पाय ओढला. तो हळूच काढून मी मागे आले. चढत्या पाण्यात मधली वाट पहिली भरते, तिथून जायचं नसतं. तिवर जिथे असतात तिथे जमीन उंच असते. म्हणून लांबून, तिवरांच्या कडेकडेने. मी ओढणी सोडली, तिचं एक टोक तिच्या कमरेला बांधलं, दुसरं माझ्या. सांगितलं, माझ्या पाठीवर चढ, माझी वेणी धर, आणि दुखली तरी सोडू नकोस. तिने धरली अशी की चार दिवस डोकं ठणकत होतं.

तिवरांची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात, तळव्यांना टोचत होती, पण टोचतात तोवर खाली जमीन आहे हे कळतं. एका ठिकाणी पाणी माझ्या कमरेपर्यंत आलं. मी मोठमोठ्याने पाठीवरच्या पोरीला तिवरांबद्दल सांगत होते, काय सांगत होते ते आठवत नाही. भीती वाटली का विचाराल तर वाटली, खूप वाटली, आणि बुडण्याची नाही. ताईंच्या तोंडाची वाटली.

सात वीसला आम्ही पायऱ्यांशी आलो. खालच्या दोन पायऱ्या एव्हाना पाण्यात गेल्या होत्या. मी तिला खाली उतरवलं, ओढणीची गाठ सुटेना, दातांनी सोडवली. तिच्या पायाला चिखल, फ्रॉक भिजलेला, आणि चेहरा काय सांगू, दिवाळीतल्यासारखा उजळलेला. मग एकदम तिचा चेहरा उतरला. तिने माझा हात धरला.

"दीदी, मम्माला टेल नको करू. ती मला पुन्हा कधीच जाऊ देणार नाही."

अर्धं मराठी बोलली होती ती, माझ्याशी पहिल्यांदा. आणि बोलली ते खरं होतं. मी सांगितलं असतं तर पाणी तिच्यासाठी कायमचं बंद. न सांगितलं तर चपला वाहून गेल्या, फ्रॉक भिजला, पोरं आहेत, भिजतातच. कुणाला काही कळलं नसतं. उद्या पुन्हा गेलो असतो, वेळ जरा बघून. मी पायरीवर बसले आणि तिचे पाय धुतले. ते धुताना मला ताईंचा ॲपचा प्रश्न आठवला, आणि त्यावरचं माझं उत्तर. मी हसले होते.

आत ताई चहा ओतत होत्या. मंगळवारचा उपवास, म्हणून नुसता चहा. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. चपला, काटकी, चिखल, कमरेएवढं पाणी, ओढणी. एक गोष्ट लपवली नाही. मुलगी दाराशी उभी राहून मला डोळ्यांनी थांबवायला बघत होती. ताईंनी कप खाली ठेवला, टॉवेल आणला, मुलीला खुर्चीवर बसवलं आणि तिचे पाय पुसायला लागल्या. मी धुतलेलेच होते. त्या पुसतच राहिल्या.

"मी ॲप बघते म्हटलं होतं," त्या वर न बघता म्हणाल्या.

"हो."

"तू हसलीस."

"हो, ताई."

एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला ओरडणाऱ्या माणसांशी निभावता येतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की शुक्रवारपर्यंत त्यांच्या मीटिंग्ज आहेत, तोवर थांब. शुक्रवारी संध्याकाळी साहेब आले की ते तुला घरी सोडतील. आणि आता मुलगी काचेच्या बाहेर जाणार नाही. मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "आय टोल्ड यू." दुपारपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

त्या दुपारी मी अम्मीला फोन केला, पण कामावरून काढलं हे सांगितलं नाही. नुसतंच विचारलं, पाऊणकी इथे का चुकली? अम्मी म्हणाली, तो दर्या वेगळा, हा वेगळा, आपल्या आजोबांनी हा बघितला होता का? माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. बावीस वर्षं मला वाटत होतं की मला खाडी कळते. मला माझी खाडी कळत होती.

संध्याकाळी मुलगी स्वतःहून माझ्याजवळ येऊन बसली. बाहेर जायचं नाही, मग करायचं काय? काचेतून पायऱ्या दिसत होत्या. मी म्हटलं, मला इथलं पाणी येत नाही, आपण दोघी शिकू या का? तिला ते आवडलं असावं, की मोठ्या माणसाला काहीतरी येत नाही. तिने चित्रकलेची वही घेतली, सात पायऱ्या काढल्या, आणि दर अर्ध्या तासाने काचेशी जाऊन कितवी पायरी बुडाली ते लिहायला लागली. बुधवारी पहाटे मी तिला उठवलं नाही, तीच मला उठवायला आली. सहाच्या सुमाराला पाणी सगळ्यात लांब. गुरुवारी पावणेसातला. शुक्रवारी साडेसातला. रोज पाऊण तास पुढे.

बुधवारी दुपारी एक गंमत झाली. ताई मीटिंगमध्ये होत्या, समोर कुणीतरी आकडे वाचत होतं. आम्ही पत्ते खेळत होतो आणि वहीची वेळ विसरलो. अचानक ताईंनी माइक म्यूट केला, खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "तिसरी बुडाली." परत माइक लावला. मुलीने धावत जाऊन लिहिलं. त्यानंतर दर मीटिंगमध्ये एक-दोनदा ते व्हायचं. "चौथी उघडी पडली." माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलायच्या.

शुक्रवारी सकाळी मुलीने वहीत माझी पाऊणकी मांडली. माझ्याकडून वदवून घेतली आणि शेजारी तिच्या वेळा लिहिल्या. माझं उत्तर आणि खरं पाणी, रोज दीड तासाचा फरक. मंगळवारचं मागे मोजत गेली, तर सव्वापाच. म्हणजे आम्ही सहाला हसत हसत उतरलो तेव्हा पाणी पाऊण तास आधीच उलटलं होतं. ती जरा वेळ वहीकडे बघत राहिली, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि म्हणाली, "दीदी, यू वेअर ऑन इंडिया टाइम."

इथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. पुण्याच्या आजीला फोन करायचा म्हणून ते तिला पाठ होतं. दोन समुद्रांचा मेळ खरंच घड्याळावरून लागतो की नुसता योगायोग, ते अल्ला जाणे. पण चार महिने इथे राहून माझं घड्याळ गावालाच होतं, हे आठ वर्षांच्या पोरीने मला सांगितलं. मला हसू आलं आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम.

संध्याकाळी साहेब आले. अबू धाबीहून गाडी चालवून दमलेले, हातात आंब्याची पेटी. त्यांना फोनवर सगळं कळलेलं असणार, कारण मला बघून ते नुसते "हं" म्हणाले. माझी बॅग दाराशी तयार होती. मी मुलीची वेणी घातली, शेवटची म्हणून जरा जास्त घट्ट. ती वही पोटाशी धरून बसली होती. साहेबांनी चहा संपवून किल्ली उचलली. चला, यल्ला.

ताई लॅपटॉप बंद करत होत्या. तशाच पाठमोऱ्या त्यांनी मला विचारलं, "उद्या पाणी किती वाजता उतरतं?"

मला उत्तर येत होतं. सव्वाआठ, जिभेवरच होतं. पण ते उत्तर माझं नव्हतं.

"मला माहीत नाही, ताई," मी म्हटलं. "हिला विचारा. हिने लिहिलंय."

आयुष्यात खाडीबद्दल हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले. मुलीने वही उघडली, बोट फिरवलं, आणि मग वही मिटली. आईकडे बघून म्हणाली, अगदी सावकाश, एकेक शब्द शोधत, "सव्वाआठला. पण मी आधी बघते, मग सांगते."

सगळं मराठीत. साहेबांची भुवई वर गेली. ताईंनी वळून मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्या नवऱ्याला म्हणाल्या की किल्ली ठेव, उद्या सकाळचं काम आहे.

शनिवारी सकाळी आठला आम्ही पायऱ्यांवर होतो. ऊन चढलं होतं, टोप्या, सनस्क्रीन, सगळा जामानिमा. ॲपही होतं, ताईंच्या हातात, उघडं, आणि मी त्यात मान घालून बघितलं. मुलगी सगळ्यांच्या पुढे उतरली. पाण्याच्या कडेला काटकी रोवली आणि हात मागे बांधून उभी राहिली. आम्ही सगळे तिच्या मागे उभे. पाच मिनिटं. साहेब काही बोलायला गेले तर तिने त्यांना गप्प केलं. काटकीच्या पुढची वाळू उघडी पडली, चमकली, मग मंद झाली. पाणी मागे सरलं होतं, वीतभर.

"खलास," ती म्हणाली. "जाऊ या."

मी तिचा हात धरायला पुढे झाले. ताईंनी मला थांबवलं. त्यांनी ट्रॅक पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती, पायाला सॉक्सचे वळ होते, आणि तोंड पांढरं पडलं होतं. त्या पुण्याच्या बाईला पोहता येत नव्हतं, आणि येतं का हे मी एवढ्या दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं. त्यांनी माझ्या खांद्यावरची ओढणी ओढून घेतली आणि तिचं टोक माझ्यासमोर धरलं.

"तेव्हा बांधलीस तशी बांध," त्या म्हणाल्या. "आधी मला."

मी बांधली. एक गाठ त्यांना, मधली मुलीला, शेवटची मला. मग आम्ही तिघी उतरलो.